चार्जिंगला बसलेला माणूस

काकाजींना कोणी वेडं म्हटलं तर मी पूर्वी गप्प बसायचे. आता बसत नाही. आता उलट विचारते, की बाबा रे, तुझ्या घरी या घडीला चार्जिंगला काय काय लावलेलं आहे आणि त्याच्याजवळ कोण बसलं आहे? उत्तर येत नाही, कारण जवळ कोणीच बसलेलं नसतं. मोबाईल उशीखाली, फवारणीच्या पंपाची बॅटरी तणसाच्या ढिगाशेजारी, आणि मालक चौकात पान खात उभा. असल्या माणसाने काकाजींना वेडं म्हणावं म्हणजे कमालच झाली.

मी त्यांची भाडेकरू होते. दवनीवाड्याच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या ग्रामपंचायतीत मी संगणक चालवायचे. दाखले काढायचे, नोंदी भरायच्या, सरपंचांची भाषणं टाइप करायची. नोकरी कंत्राटी. दर वर्षी ग्रामपंचायतीने शिफारस केली तर पुढचं वर्ष, नाही तर सामान बांधा. माझं माहेर सालेकशाकडे, रोज येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं, म्हणून खोली शोधत काकाजींच्या दारात गेले.

त्यांनी मला ना जात विचारली, ना पगार. विचारलं, की मोबाईल कुठे ठेवून चार्ज करता. मी म्हटलं, गादीवर. ते म्हणाले, "त मंग खोली नाही." आणि दार लावायला लागले. माझी बस निघून गेली होती आणि माझा पारा चढला होता. मी तिथेच उभी राहून म्हटलं की गादीवर नाही तर काय तुमच्या डोक्यावर ठेवू? त्यावर ते आत गेले आणि फरशीचा एक तुकडा घेऊन आले. हातभर लांब, कडा घासून गुळगुळीत केलेला. तो माझ्या हातात ठेवून त्यांनी खोलीची किल्ली दिली. भाडं आम्ही दुसऱ्या दिवशी ठरवलं.

काकाजी आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवून निवृत्त झालेले. जातीने पोवार, म्हणजे घरी धानाची शेती होतीच, पण त्यांचा जीव विमानांत. थर्माकोलच्या शीटमधून ते विमानं कापायचे, पंखात बांबूची कामटी घालायचे, पुढे पंखा, आत मोटर, आणि हातातल्या रिमोटवर उडवायचे. विमानांना नावं धानाच्या वाणांची. मोठं, संथ, देखणं विमान म्हणजे चिन्नोर. लहान, उतावळं, सतत झाडावर अडकणारं म्हणजे लुचई. कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ते चिन्नोर हवेत सोडायचे आणि ते आठ मिनिटं गावावर घिरट्या घालायचं. आठच मिनिटं. बॅटरीत दहा मिनिटांचा जीव असला तरी ते आठव्या मिनिटाला उतरवायचे. तळाशी थोडं ठेवलं पाहिजे म्हणायचे, पूर्ण पिळून काढलेली बॅटरी पुन्हा उभी राहत नाही.

पण त्यांची ख्याती विमानांमुळे नव्हती. ख्याती होती ती बसण्यामुळे.

रोज दुपार कलली की अंगणाच्या पार टोकाला, घर, गोठा, तणीस सगळ्यांपासून लांब, सिमेंटच्या चौथऱ्यावर एक मडकं यायचं. हे मडकं त्यांनी कुंभाराकडून मुद्दाम बनवून घेतलं होतं, तोंड रुंद, काठाला वायरीपुरती खाच, झाकण सैल. झाकण घट्ट बसलं तर कुंभाराला परत. आत काही पेटलंच तर धूर बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर मडक्याचाच बॉम्ब होतो. मडक्यात चार बोटं कोरडी रेती. शेजारी रेतीने भरलेली बादली. मग ते बॅटरी तळहातावर घ्यायचे, बोटांनी दोन्ही बाजूंनी हलके दाबून बघायचे, वास घ्यायचे. उडवून आणलेली बॅटरी गरम असली तर लावायची नाही. "उनातून आला त मानूसबी आधी बसते, मंग पानी पेते," असं ते बॅटरीकडे बघून सांगायचे. त्या बॅटरीत तीन सेल, एकाला एक जोडलेले. प्रत्येकाचे व्होल्ट ते मीटरवर वेगळे मोजायचे आणि मोठ्याने म्हणायचे. मोठी वायर जोडली तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही, तो बारीक पांढरा प्लगही लावलाच पाहिजे. तो लावला की चार्जर तिन्ही सेलला सारखं वाढतो. नाही लावला तर एक उपाशी राहतो, दुसऱ्याला अजीर्ण होतं, आणि अजीर्ण झालेला सेल पेट घेतो.

हे सगळं झालं की ते पिढ्यावर, म्हणजे बुटक्या लाकडी बैठकीवर, बसायचे. पूर्ण तासभर. पेपर नाही, मोबाईल नाही, तंबाखूसुद्धा नाही. फक्त बसायचे आणि बघायचे. बॅटरी भरून ती काढून घेईपर्यंत ते उठत नसत.

उठत नसत म्हणजे उठतच नसत. एकदा शेजाऱ्याची बकरी त्यांच्या देखत स्वयंपाकघरात शिरली आणि परातीतल्या पोळ्या खाऊन बाहेर आली. काकाजींनी पिढ्यावरून तिला दोन शिव्या दिल्या, ते उठले नाहीत. एकदा कोणी साहेब जीपमधून शेताची कसली चौकशी करायला आले. काकाजींनी त्यांना हात जोडले आणि मडक्यापासून दहा पावलं लांब उभं राहायला सांगितलं. साहेब तासभर उन्हात उभे राहिले. कुठला साहेब तासभर उभा राहतो, असं तुम्ही म्हणाल. हा राहिला, कारण त्याला मडक्यात काय आहे ते बघायचं होतं.

आणि एकदा माझे होणारे सासरे आले. लग्न ठरत आलं होतं, मुलगी कुठे राहते ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ते चिचगडहून मुद्दाम आले. मी घाबरून काकाजींना विनवलं होतं की आजच्या दिवस चार्जिंग नको, निदान घरमालक म्हणून नीट दारात उभे राहा. त्यांनी मान डोलावली होती. पण पाहुण्यांची गाडी दोन तास उशिरा आली आणि तोवर काकाजींची वेळ झालेली. सासरे फाटकातून आत आले तेव्हा ते पिढ्यावर बसलेले. "या जी, बसा," ते तिथूनच म्हणाले, "मले उठता येत नाही, भरून राहिली." माझ्या सासऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं, की नेमकं काय भरतंय. जाताना ते मला हळूच म्हणाले की खोली चांगली आहे, पण घरमालक जरा हललेला दिसतो. मी हसून वेळ मारून नेली. आतून मला काकाजींचा इतका राग आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

हा माणूस असा का, ते मला त्यांच्या भावजयीने सांगितलं. अंगण एकच, मधे कमरेइतकी भिंत, पलीकडे धाकटा भाऊ राहायचा. दोघा भावांत बोलणं नव्हतं. मी येण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. दिवाळीचे दिवस, हलका धान कापून खळ्यात पुंजणे रचून ठेवलेले, म्हणजे मळणी व्हायच्या आधीच्या धानाच्या मोठमोठ्या गंज्या. खळ्यात मशीनसाठी वायर ओढलेली होती, तिथेच काकाजींनी बॅटरी लावली आणि गावात तेरवीच्या जेवणाला गेले. पंगत बसली, पानात भाजी पडली, आणि धूर दिसला. तीन पुंजणे जळाले. तिन्ही भावाचे. वर्षभराचं अन्न आणि वर्षभराची मेहनत जेवण आटोपायच्या आत राख झाली.

पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा सगळ्या गावाने काकाजींना समजावलं, की शॉर्ट सर्किट म्हणा, भावाला सरकारी मदत तरी मिळेल. काकाजी म्हणाले, "बॅटरी माही होती. लावून मी जेवाले गेलो." तेवढंच लिहिलं गेलं. मदत बसली नाही. काकाजींनी आपल्या वाट्याचा धान पुढची दोन वर्षं भावाच्या घरी नेऊन टाकला. भावाने तो घेतला, आणि बोलणं कायमचं बंद केलं. भावजय मला सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात आगीचा राग नव्हता. राग होता तो खरं बोलल्याचा. आग काय, कोणाकडूनही लागते, ती म्हणाली, पण खोटं बोलायची एकदाच वेळ आली आणि तेवढंही या माणसाकडून झालं नाही.

मी एकदा धीर करून त्यांना विचारलं, की एवढं झाल्यावर विमानांचा नाद सोडून का नाही दिला. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त बोलले. "सोडून देल्लं असतं त गाव म्हनलं असतं, आता शहाना झाला. पन मी शिकलो काय असतो जी? काहीच नाही. मी फक्त भेलो असतो." मग मडक्याकडे बघत म्हणाले, "या गावात दोनच बोलनारे आहेत. एक म्हन्ते काही होत नाही. दुसरा म्हन्ते हातच कायले लावता. दोघंबी बसाले तयार नाहीत."

मला हे पटलं का? खरं सांगायचं तर तेव्हा नाही. मी त्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. किती अँपिअर, किती व्होल्ट, ठेवून द्यायची बॅटरी पूर्ण भरायची नाही, पडून आलेली बॅटरी दोन दिवस नजरेखाली ठेवायची, हे सगळं ते रोज सांगायचे आणि मी रोज हो जी म्हणायचे. दोन वर्षांत माझ्या डोक्यात त्यातलं फारसं काही शिरलं नाही. त्याची शिक्षा मला मंडईच्या दिवशी मिळाली.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं, झुले, रात्री दंडारीचं लोकनाट्य, लेकीबाळी माहेरी आलेल्या. त्या वर्षी सरपंचांनी ठरवलं की मंडईला बारा वाजता मोठे पाहुणे येणार, आणि त्यांच्यावर विमानातून झेंडूच्या पाकळ्या पडणार. भोंग्यावरून चार दिवस तेच चालू होतं. काकाजींनी चिन्नोरच्या पोटाखाली पुठ्ठ्याचा डबा बसवला, रिमोटचं एक बटण दाबलं की तळ उघडायचा. सरपंचांना त्यांनी एकच अट सांगितली होती. एक बॅटरी, आठ मिनिटं, एक उड्डाण. सरपंचांना दोन हवी होती, एक पाहुण्यांसाठी आणि एक जनतेसाठी. काकाजी नाही म्हणाले.

सकाळपासून काकाजी मैदानावर वारा बघत होते. भरलेली एक बॅटरी त्यांच्याजवळ होती. मी घरी वेणी घालत होते. दहाच्या सुमारास सरपंचांचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, दारात आला. गोंदियात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे विजेतलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा पक्का समज. म्हणाला, सरपंचांनी बाकीच्या बॅटऱ्या मागितल्या आहेत, मी तासात भरून देतो, मेरे पास फास्ट चार्जर है. समोरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. मी उघडून दिली.

फळीवर दोन लहान बॅटऱ्या होत्या, आणि बाजूला एका कथलाच्या डब्यात आणखी एक, तिला लाल धागा बांधलेला. दसरा होऊन तीनेक आठवडे झाले होते. दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या प्रत्येक हत्याराची पूजा होते. ट्रॅक्टरला धागा, विळ्याला धागा, शिलाई मशीनला धागा. माझ्या ऑफिसच्या संगणकाला मी स्वतः बांधला होता, तो अजून होता. मला वाटलं, काकाजींनी ही बॅटरी पुजलेली दिसते. वरून कितीही रुक्ष दाखवोत, मनात श्रद्धा आहे म्हणायची. मला त्यांचं जरा कौतुकसुद्धा वाटलं. मी ती उचलून साळ्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "हीच न्या, पूजेची आहे."

ती आदल्याच दिवशी लुचईबरोबर आंब्यावरून खाली आपटली होती आणि फुगली होती. मिठाच्या पाण्यात टाकून संपवायची म्हणून काकाजींनी बाजूला काढली होती. धागा बांधला होता कारण त्यांच्या मते लाल म्हणजे हात लावू नको, आयुष्यभर त्यांनी मुलांना तेच शिकवलं होतं. मलाही सांगितलं होतं. मी हो जी म्हटलं होतं.

साळ्याने बॅटरी लावली कुठे, तर माझ्याच टेबलावर. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात, प्लास्टिकच्या कापडावर, दाखल्यांच्या गठ्ठ्याशेजारी. पांढरा प्लग त्याने लावलाच नाही, त्याच्या मते तो फालतू. करंट ठेवला तिप्पट. आणि दाराला कडी घालून तो जिलेबी खायला गेला. ऑफिसच्या मागच्या भिंतीला लागून खळं होतं. त्या वर्षी तिथे चार पुंजणे उभे होते, आणि ते काकाजींच्या भावाचे होते.

साडेअकराला मी मैदानावर गेले आणि काकाजींना मोठ्या उत्साहाने सांगितलं की तुमची पूजेची बॅटरी मी पाठवून दिली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ते ओरडले नाहीत. धावलेसुद्धा नाहीत, भराभर चालत गेले. मी मागे. त्यांनी कडी काढली, आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग वायर काढली. कोपऱ्यात बांधकामाचं घमेलं होतं, बाहेरच्या ढिगाची रेती त्यात घेतली, बॅटरी त्यावर ठेवली, आणि घमेलं अंगापासून लांब धरून ते समोरच्या रिकाम्या बांधीत मधोमध गेले. तेव्हा मी ती बॅटरी प्रथमच नीट पाहिली. भाकरी टम्म फुगावी तशी फुगली होती. काकाजी दहा पावलं मागे आले आणि वाऱ्याला पाठ करून जमिनीवर बसले.

तेवढ्यात भोंगा वाजला. पाहुणे आले होते. सरपंच धापा टाकत आले, की चला, विमान उडवा. काकाजी म्हणाले, ही थंड होईपर्यंत इथून हलता येत नाही. मागे चार पुंजणे आहेत, भोवती लेकरं आहेत. आपल्या जागी कोणी नीट लक्ष देऊन बसणार असेल तर उडवतो. मग त्यांनी गोळा झालेल्या गर्दीकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन बसते?"

गर्दी एकेक पाऊल मागे सरली. साळा मोबाईल बघू लागला. मीही तिथे होते. ती बॅटरी मी माझ्या हाताने दिली होती, आणि मी बसते म्हणायला मला दोन शब्द लागले असते. मी पदर सारखा केला आणि खाली पाहिलं. आजही तो क्षण आठवला की माझी मलाच लाज वाटते.

गर्दीतून काकाजींचा भाऊ पुढे आला. त्याच्या हातात रेतीचं दुसरं घमेलं होतं. ते त्याने काकाजींच्या शेजारी ठेवलं आणि जाऊन आपल्या पुंजण्यांपाशी उभा राहिला.

पाहुण्यांनी दहा मिनिटं वाट पाहिली, नारळ घेतला, आणि दुसऱ्या मंडईला गेले. सरपंचांचा संताप अनावर झाला. सगळ्या गावादेखत ते म्हणाले, एवढा जर धोका आहे तर मग लावा ना इथेच, बांधीत, सगळ्यांसमोर. वायर मी आणून देतो. पेटली तर तुम्ही खरे, नाही पेटली तर कबूल करा की तुम्ही माझी इज्जत घालवली. लोकांना ते एकदम पसंत पडलं. लावा, लावा, असा गलका झाला. मलाही मनात वाटलं की लावा काकाजी, एकदाची पेटू दे, यांची तोंडं बंद होऊ दे.

काकाजींनी मान वर केली. "मले खरं नाही ठराचं जी," ते म्हणाले. "मले सगळे आपापल्या घरी गेलेले पाहाचे आहेत."

आणि ते बसून राहिले. दीड तास. बॅटरी पेटली नाही. लोक हसले, पोरांनी फुसका फटाका म्हणून ओरडा केला, मग झुल्याकडे पांगले. काकाजींनी ती मिठाच्या पाण्याच्या बादलीत सोडली आणि चिन्नोर काखेत घालून घरी आले. पाकळ्या डब्यात सुकून गेल्या होत्या. जे जळलं नाही त्याचा पंचनामा कोणी करत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

चौथ्या दिवशी सरपंचांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ग्रामसभेत ठराव आणायचा होता, की गावठाणात अशा बॅटऱ्या चार्ज करायला बंदी आणि विमान उडवायलाही. त्याला जोडायला एक जबाब हवा होता, माझा. बॅटरी चांगल्या स्थितीत होती, घरमालकाने विनाकारण घबराट पसरवली, एवढंच लिहायचं होतं. माझ्या कंत्राटाची शिफारस त्यांच्या टेबलावर, सहीच्या प्रतीक्षेत होती. ती त्यांनी मला दाखवली नाही, फक्त तिच्यावर चष्मा काढून ठेवला.

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले. संगणकाचा लाल धागा समोर लोंबत होता. तो मी तोडून टाकला आणि लिहिलं, की बॅटरी फुगलेली होती. तिला बाजूला ठेवल्याची खूण होती. ती खूण मी पूजेचा धागा समजले. बॅटरी मी माझ्या हाताने दिली. दोन प्रती काढल्या, सही केली, नेऊन दिल्या.

सरपंचांनी दोनदा वाचलं. ते दुष्ट नव्हते, त्यांना खरंच कोडं पडलं होतं. म्हणाले, "बाई, कोनी विचारलं नसताना आपलीच चूक लिहून देऊन राहिल्या. कायले?"

"कारण ती माझीच आहे," मी म्हटलं.

ठराव व्हायचा तो झालाच. शिफारस झाली नाही.

ग्रामसभेच्या दिवशी संध्याकाळी घरी आले तेव्हा काकाजी मडक्यापाशी होते. ठराव लागू व्हायला आठ दिवस होते, तोवर ते आपल्या अंगणात बसणार होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली हेही सांगितलं आणि मग मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. काकाजी आकड्यांकडे बघत ऐकत होते. माझं सांगून झाल्यावर त्यांनी पिढा सरकवला आणि म्हणाले, "बस इथं." मी बसले. त्यांनी मला काय बघायचं ते दाखवलं. तिन्ही सेलचे आकडे सारखे वाढले पाहिजेत, चार पॉइंट दोनच्या वर एक काटा नाही, मडक्याला हात लावला तर कोमटाच्या पुढे नाही. वास आला तर बटण बंद, मग रेती, पाणी नाही. मी या वेळी प्रत्येक शब्द ऐकला.

मग काकाजी उठले. चहा करतो म्हणाले आणि आत गेले. चार्जिंग चालू असताना, बॅटरी मडक्यात असताना, मागे वळूनसुद्धा न बघता तो माणूस आत गेला. शिफारसपत्र म्हणून मला आयुष्यात मिळालेलं सगळ्यात मोठं तेच. माझी नजर आकड्यांवर होती आणि आकडे पाण्यात हलल्यासारखे दिसत होते, तरी मी एकदाही डोळे पुसायला मान वळवली नाही.

ठरावाचं काकाजींनी काय केलं ते ऐका. ठरावात गावठाण लिहिलं होतं. त्यांनी मडकं, पिढा, रेती आणि चार्जरला वीज द्यायला ट्रॅक्टरची एक मोठी बॅटरी उचलली आणि गावठाण जिथे संपतं तिथून चार पावलं पुढे, स्वतःच्या बांधीत, रस्त्यावरून सगळ्यांना दिसतील असे जाऊन बसले. तोंड गावाकडे. पुढच्या मंडईला त्यांना कोणी बोलावलं नाही. भर बारा वाजता चिन्नोर बांधीतून उठलं आणि अख्ख्या मंडईवर फिरलं, आठ मिनिटं, पाकळ्यांसकट. भोंगा बंद पडला म्हणतात. मी तेव्हा तिथे नव्हते, मला भावजयीने फोनवर सांगितलं. काकाजी विमान उडवत होते तेव्हा दुसरी बॅटरी मडक्यात होती, आणि मडक्याजवळ धाकटा भाऊ बसला होता. बोलणं अजूनही नव्हतं. पण बसला होता.

माझं लग्न चिचगडला झालं. निघताना काकाजींनी मला लुचई दिलं, आणि एक मडकं, सैल झाकणाचं. मी आता फॉर्म भरून देण्याचं लहानसं केंद्र चालवते, आणि कापणी झाली की सासऱ्यांच्या बांधीत लुचई उडवते. सून विमान उडवते म्हणून गाव बघायला येतं. येऊ दे. काकाजींचा अधूनमधून फोन येतो, कशी आहेस विचारत नाहीत, व्होल्ट किती विचारतात.

मागच्या महिन्यात दुपारी मी अंगणात मडक्यापाशी बसले होते. सासऱ्यांबरोबर घरी पाहुणे आले, सासऱ्यांच्या मोठ्या बहिणीकडचे, मानाचे. आमच्याकडे सासरे फाटकात दिसले की सुनेने उठून उभं राहायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, पाणी आणायचं. पाहुणे थबकले. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं. त्यांना दुसरं एक अंगण आठवलं असावं.

"मामाजी, बसा," मी सासऱ्यांना म्हटलं. "मला उठता येत नाही, भरते आहे."

पाहुण्यांपैकी एक जण हळूच म्हणाले की सूनबाई जरा हललेली दिसते. सासऱ्यांनी खाट ओढली, मडक्यापासून मोजून दहा पावलांवर ठेवली, आणि पाहुण्यांना तिच्यावर बसवून स्वतः पाणी आणायला आत गेले.

मी उठले नाही.